नॉन-रेसिडेंट स्टेट रिटर्नमध्ये बाहेरचा कॅपिटल गेन: दर मार्चमध्ये उद्भवणारी अडचण आणि तिचा उलगडा

राहायला एडिसन किंवा जर्सी सिटी, नोकरी मॅनहॅटनला, आणि वर्षभरात ब्रोकरेज खात्यातले काही शेअर विकलेले. फेडरल रिटर्न तयार होतं. मग न्यूयॉर्कचं नॉन-रेसिडेंट रिटर्न, म्हणजे राज्याबाहेर राहणाऱ्यांनी भरायचा आयटी-२०३ फॉर्म, उघडलं की सातव्या ओळीवर शेअरचा सगळा नफा (कॅपिटल गेन) दिसतो. न्यूयॉर्कचा या शेअरशी काय संबंध? खातं न्यू जर्सीच्या पत्त्यावर, पैसेही तिथल्याच बँकेत. तरी कर वाढलेला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मार्च आला की हा प्रश्न आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हमखास येतो आणि उत्तरं दोनच येतात: "काही होत नाही, तसंच भरून टाक", नाहीतर "ती ओळ शून्य करून टाक". दोन्ही उत्तरं चुकीची ठरू शकतात आणि दोन्हींपायी हजारो डॉलर जाऊ शकतात. शून्य करण्याचा सल्ला तर मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण त्यात कर कमी दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो.

न्यूयॉर्क-न्यू जर्सी हे नेहमीचं उदाहरण म्हणून पुढे तेच घेतलंय. कॅलिफोर्निया सोडून टेक्सासला गेलेल्यांना, पेनसिल्व्हेनियात राहून न्यू जर्सीतलं जुनं घर विकणाऱ्यांना, किंवा जॉर्जियातल्या अपार्टमेंट सिंडिकेशनमध्ये (अनेकांनी मिळून इमारत घेण्याच्या योजनेत) पैसे टाकलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी नफ्याचा पत्ता शोधा

शेअर, म्युच्युअल फंड, ईटीएफ, बाँड विकून झालेला नफा हा विक्रीच्या दिवशी तुम्ही ज्या राज्याचे रहिवासी होता त्या राज्याचा. कंपनीचं मुख्यालय कुठे, ब्रोकरचं ऑफिस कुठे, याला काही महत्त्व नाही. शेअर बाजार वॉल स्ट्रीटवर आहे म्हणूनही न्यूयॉर्कचा हक्क लागत नाही. फंडाने वाटलेलं कॅपिटल गेन डिस्ट्रिब्युशन, जे फंडाच्या १०९९-डिव्ह या पत्रकावर येतं, त्यालाही हाच नियम.

घर, जमीन, दुकान विकून झालेला नफा मात्र ती मालमत्ता जिथे उभी आहे त्या राज्याचा. तुम्ही कुठेही राहा. हे तत्त्व जुनं आहे: १९२० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इलिनॉयमध्ये राहणाऱ्या एका तेलव्यावसायिकाच्या ओक्लाहोमातल्या उत्पन्नावर ओक्लाहोमाने लावलेला कर वैध ठरवला. राज्याबाहेर राहणाऱ्याच्या राज्यातल्या मालमत्तेवरच्या उत्पन्नाला कर लावण्याचा राज्यांचा हक्क तेव्हापासून पक्का आहे. तुमचं राहतं राज्यही त्याच नफ्यावर कर लावतं आणि बाहेर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, देतं. ते कसं, हे पुढे येईलच.

मधल्या काही गोष्टी फसव्या असतात. न्यूयॉर्कमधला को-ऑप फ्लॅट कागदोपत्री कंपनीचे शेअर असतो, पण न्यूयॉर्क त्याला स्थावर मालमत्तेसारखंच धरतं. मोजकेच भागधारक असलेल्या एखाद्या एलएलसीची निम्मी किंवा त्याहून जास्त मालमत्ता न्यूयॉर्कमधली स्थावर असेल, तर तिच्यातला हिस्सा विकल्यावरही तेच. उलट, बाजारात विकत घेतलेला आरईआयटी इमारतींमध्येच पैसे गुंतवत असला तरी तुमच्या दृष्टीने तो साधा शेअर.

दोन रकाने नीट वाचा

बहुतेक घोटाळा इथे होतो. आयटी-२०३ वर उत्पन्नाच्या जवळपास प्रत्येक ओळीला दोन रकाने असतात, एक फेडरल रकमेचा आणि एक न्यूयॉर्कच्या रकमेचा. फेडरल रकान्यात तुमचं जगभरातलं सगळं उत्पन्न येणारच, शेअरच्या नफ्यासकट. तिथे तो दिसला म्हणून काही चुकलेलं नाही. तिथे शून्य केलंत तर रिटर्न चुकीचं होतं, कारण तो आकडा फेडरल रिटर्नशी जुळायलाच हवा. पाहायचा तो न्यूयॉर्कचा रकाना. शेअरच्या नफ्यासमोर तिथे काही नसावं.

मग तो रकाना रिकामा असूनही कर का वाढतो? कारण न्यूयॉर्क आधी तुम्ही रहिवासी असता तर सगळ्या उत्पन्नावर किती कर झाला असता ते काढतं आणि मग त्यातला न्यूयॉर्कचा वाटा घेतं. ओळ ३१ वर दोन्ही रकान्यांच्या बेरजा येतात आणि ओळ ४५ वर त्यांचं गुणोत्तर.

आकड्यांत पाहू. पगार दीड लाख डॉलर, सगळा न्यूयॉर्कचा. शेअरचा नफा ५० हजार. फेडरल बेरीज दोन लाख, न्यूयॉर्कची दीड लाख, म्हणजे गुणोत्तर ७५ टक्के. समजा दोन लाखांवरचा कर ११,५०० डॉलर झाला. न्यूयॉर्क त्याचे ७५ टक्के घेणार, ८,६२५. शेअर विकलेच नसते तर दीड लाखावर समजा ८,४०० झाले असते. हे वरचे २२५ डॉलर नफ्यावरचा कर नाहीत. नफ्यामुळे तुमच्या पगारावरचा सरासरी दर थोडा चढला, त्याचे ते आहेत.

आता तोच नफा चुकून न्यूयॉर्कच्या रकान्यातही गेला असता तर? गुणोत्तर १०० टक्के, कर ११,५००. म्हणजे २,८७५ डॉलर नाहक गेले. शिवाय न्यू जर्सी त्यावर क्रेडिट देणार नाही, कारण तिच्या लेखी तो नफा न्यूयॉर्कचा नाहीच. एकाच नफ्यावर दोन राज्यांचा पूर्ण कर, असं प्रकरण होऊन बसतं.

दर चढवण्याच्या या पद्धतीविरुद्ध न्यू जर्सीतलं एक जोडपं न्यायालयात गेलं होतं. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सने, पद्धत वैध ठरवली. तेव्हा त्या २२५ डॉलरसाठी फॉर्म उलटासुलटा करण्यात अर्थ नाही. ते द्यावेच लागतात. भांडायचं ते २,८७५ साठी.

इतर राज्यांचे फॉर्म वेगळे दिसले तरी कल्पना तीच. न्यू जर्सीच्या एनजे-१०४०एनआर वर 'ए' रकाना सगळीकडच्या उत्पन्नाचा आणि 'बी' न्यू जर्सीचा. कॅलिफोर्नियाच्या ५४०एनआर सोबतच्या शेड्यूल सीए वर पाच रकाने आहेत. त्यातला 'डी' म्हणजे तुम्ही कॅलिफोर्नियाचे रहिवासी असता तर किती, आणि 'ई' म्हणजे खरोखर कॅलिफोर्नियाचं किती. शेअरचा नफा 'डी' मध्ये असणार, 'ई' मध्ये नाही. पेनसिल्व्हेनियाचा दर सगळ्यांना सरसकट ३.०७ टक्के, त्यामुळे तिथे दर चढण्याचा प्रश्नच येत नाही.

नफा चुकीच्या रकान्यात येतो कसा

तीन कारणं पुन्हा पुन्हा सापडतात. पहिलं, सॉफ्टवेअरमध्ये नॉन-रेसिडेंटऐवजी पार्ट-इयर रेसिडेंट (वर्षातला काही काळच त्या राज्यात राहिलेला) निवडलं जाणं. एकदा ते झालं की पुढची सगळी वाटणी बिघडते. दुसरं, ब्रोकरकडे जुना पत्ता राहून जाणं. ब्रोकर पाठवतो त्या विक्रीच्या पत्रकावर, म्हणजे १०९९-बी वर, राज्याची चौकट असते. तिच्यात जुन्या राज्याचं नाव आलं आणि फाइल थेट इम्पोर्ट केली, तर तो व्यवहार त्या राज्याच्या नावावर चढतो. तिसरं, "यातली किती रक्कम या राज्याची?" हा प्रश्न घाईत पुढे ढकलणं, आणि आधीच भरून आलेली पूर्ण रक्कम तशीच राहणं.

उपाय सॉफ्टवेअरच्या सारांशावर विसंबून होत नाही. प्रत्यक्ष फॉर्मची पीडीएफ उघडा, सातव्या ओळीचा उजवा रकाना बघा, आणि ओळ ४५ चं गुणोत्तर हाताने पडताळून पाहा. पगार सोडून न्यूयॉर्कचं दुसरं काही नसेल तर न्यूयॉर्कची बेरीज पगाराएवढीच यायला हवी. दोन मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक चूक तिथेच पकडली जाते.

आरएसयू: सगळ्यात जास्त चुकणारी जागा

"शेअर नोकरीमुळे मिळाले, नोकरी न्यूयॉर्कची, म्हणजे विक्रीचा नफाही न्यूयॉर्कचा", असं समजणारे बरेच भेटतात. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरएसयू, म्हणजे कंपनीने नोकरीचा मोबदला म्हणून देऊ केलेले शेअर, व्हेस्ट होतात, म्हणजे प्रत्यक्ष तुमचे होतात, त्या दिवशीची किंमत म्हणजे पगार. ती डब्ल्यू-२ मध्ये (कंपनीच्या वार्षिक पगारपत्रकात) येते, आणि ग्रँटपासून (शेअर देऊ केल्यापासून) व्हेस्टपर्यंतच्या काळात तुम्ही ज्या राज्यात काम केलं त्याच्या प्रमाणात ते राज्य तिच्यावर हक्क सांगतं. म्हणून कॅलिफोर्निया सोडून ऑस्टिनला गेल्यावर व्हेस्ट झालेल्या शेअरवरही कॅलिफोर्निया आपला वाटा मागतं. व्हेस्टनंतर किंमत वाढली आणि तुम्ही विकले, तर ती वाढ कॅपिटल गेन. ती फक्त विक्रीच्या दिवशीच्या राहत्या राज्याची.

आता आकडे जवळून पाहा. १०० शेअर ८० डॉलरला व्हेस्ट झाले, ८,००० डॉलर डब्ल्यू-२ मध्ये आले. पुढे ८५ ला विकले. खरा नफा ५०० डॉलर. पण १०९९-बी वर खरेदी किंमत बऱ्याचदा शून्य छापून येते आणि नफा ८,५०० दिसतो. ब्रोकर पगारात धरलेली रक्कम त्या फॉर्मवर दाखवत नाही. ती वेगळ्या पुरवणी पत्रकात असते आणि ते पत्रक कुणी उघडतच नाही. दुरुस्ती फेडरल फॉर्म ८९४९ वर करायची: ब्रोकरने आयआरएसला (फेडरल कर खात्याला) कळवलेली किंमत जशी आहे तशी ठेवून कोड 'बी' लिहायचा आणि समायोजनाच्या रकान्यात उणे ८,०००. हे केलं नाही तर तेच ८,००० फेडरलमध्ये दोनदा, राहत्या राज्यात दोनदा, आणि नॉन-रेसिडेंट राज्याचं गुणोत्तरही बिघडलेलं. स्टेट रिटर्न दुरुस्त करत बसण्याआधी हे तपासा. स्टेटमधली निम्मी भुतं फेडरलमधून आलेली असतात.

घर विकलं तर उलटी अडचण

इथे तक्रार उलट असते: नफा राज्याच्या रकान्यात यायला हवा आणि येत नाही. भाड्याने दिलेलं घर असेल तर विक्री फॉर्म ४७९७ वरून शेड्यूल डी मध्ये जाते. पण काही वर्षांपूर्वी घर सॉफ्टवेअरमध्ये घालताना त्याचं राज्य चुकीचं नोंदलं गेलं असेल, तर नफा राहत्या राज्याच्याच खात्यात राहतो. मग वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या राज्याची नोटीस येते, कारण क्लोजिंगचा, म्हणजे विक्रीचा व्यवहार पूर्ण होतानाचा, १०९९-एस फॉर्म त्यांच्याकडे पोचलेला असतो. मालमत्तेच्या नोंदीत जाऊन राज्य बदला. घसाऱ्याचा हिशेबही बघा: बोनस डेप्रिसिएशन (घसाऱ्याचा मोठा भाग पहिल्याच वर्षी घेण्याची सवलत) कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी मानत नाहीत, म्हणून फेडरलचा नफा आणि राज्याचा नफा सारखा असेलच असं नाही.

क्लोजिंगला कापलेले पैसे हा आणखी एक विषय, आणि मला वाटतं इथेच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे अडकून राहतात. बाहेर राहणारा विक्रेता असेल तर न्यूयॉर्क आयटी-२६६३ भरून घेतं (को-ऑपला आयटी-२६६४), न्यू जर्सी जीआयटी/आरईपी-१. न्यू जर्सीत ही रक्कम विक्री किमतीच्या किमान २ टक्के, मग नफा कितीही थोडा असो. कॅलिफोर्नियात फॉर्म ५९३ वर विक्री किमतीचे ३.३३ टक्के कापतात, किंवा तुम्ही पर्याय निवडलात तर नफ्यावर हिशेब करून. हा अंतिम कर नव्हे, ही आगाऊ ठेव आहे. खरा कर नॉन-रेसिडेंट रिटर्नमध्येच ठरतो. पण ही रक्कम डब्ल्यू-२ वर नसते आणि सॉफ्टवेअर ती आपणहून उचलत नाही. ती हाताने भरावी लागते, न्यूयॉर्क-न्यू जर्सीत एस्टिमेटेड पेमेंट म्हणून, कॅलिफोर्नियात त्या फॉर्मच्या विदहोल्डिंगच्या ओळीवर. विसरलात तर तोच कर दुसऱ्यांदा भराल. नफा नगण्य होता म्हणून रिटर्नच भरलं नाही, तर कापलेले पैसे तिथेच पडून राहतील.

राहतं घर असेल आणि विक्रीआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं तुम्ही तिथे राहिला असाल, तर अडीच लाख (जोडीने भरत असल्यास पाच लाख) डॉलरपर्यंतचा नफा फेडरलमध्ये करमुक्त, आणि वरची राज्यंही तो मानतात. नोकरीसाठी राज्य सोडून घर भाड्याने दिलं आणि तीन वर्षांच्या आत विकलं, तरी ही सवलत मिळू शकते. भाड्याच्या काळातला घसारा मात्र सवलतीत बसत नाही. तेवढा भाग घर असलेल्या राज्याच्या रकान्यात जाणार.

सिंडिकेशनचं थोडक्यात. अपार्टमेंट विकलं गेल्यावर के-१ वर (तुमच्या वाट्याच्या पत्रकावर) येणारा नफा इमारतीच्या राज्याचा असतो. राज्याचा के-१ वेगळा येतो तो मागून घ्या, आणि तुमच्या वतीने कंपोझिट (सगळ्या गुंतवणूकदारांचं एकत्रित) रिटर्न भरलं गेलंय का ते विचारा. त्यावरच तुम्ही स्वतंत्र रिटर्न भरायचं की नाही ते ठरतं.

पुण्याचा फ्लॅट विकला तर?

हे आपल्याकडे वाढतंय, म्हणून जरा सविस्तर. न्यू जर्सीत राहून पुण्यातला फ्लॅट विकलात तर नफा फेडरलमध्ये येतो, न्यू जर्सीत येतो, न्यूयॉर्कच्या फेडरल रकान्यात येतो, आणि न्यूयॉर्कच्या स्वतःच्या रकान्यात येत नाही. नफा मोठा असतो, त्यामुळे त्या वर्षी न्यूयॉर्कचा पगारावरचा दर ठळकपणे वाढतो. तो बरोबर आहे.

धक्का न्यू जर्सीत बसतो. भारतात २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दीर्घकालीन नफ्याला १२.५ टक्के कर, वर सेस आणि लागू असल्यास सरचार्ज. त्याचं क्रेडिट फेडरलमध्ये फॉर्म १११६ वर मिळतं. न्यू जर्सी मात्र परदेशी कराचं क्रेडिट देत नाही, फक्त अमेरिकेतल्या इतर राज्यांच्या कराचं देते. कॅलिफोर्नियाही देत नाही. भारत-अमेरिका करारही इथे कामाला येत नाही. लोक हा भारतीय कर स्टेट क्रेडिटच्या शेड्यूलमध्ये भरतात आणि वर्षभराने व्याजासकट मागणी येते. विक्री ठरवतानाच राज्याच्या करापोटी रक्कम बाजूला काढा.

नफ्याचा आकडाही भारतातला जशाच्या तसा उचलू नका. खरेदी किंमत खरेदीच्या दिवशीच्या डॉलर दराने आणि विक्री किंमत विक्रीच्या दिवशीच्या दराने बदलायची असते. रुपया मधल्या काळात घसरल्यामुळे डॉलरमधला नफा रुपयातल्यापेक्षा प्रमाणात बराच कमी निघतो. फ्लॅट आईवडिलांकडून वारशाने आला असेल तर अमेरिकेत खरेदी किंमत म्हणून त्यांच्या निधनाच्या दिवशीची बाजारकिंमत धरतात, भारतात मूळ खरेदीची. तेव्हाचं मूल्यांकन करून ठेवलेलं असेल तर ते इथे फार उपयोगी पडतं.

आधी कोणतं राज्य भरायचं

आधी नॉन-रेसिडेंट, मग राहतं राज्य. क्रम उलटा झाला की क्रेडिट शून्य किंवा भलतंच येतं, कारण बाहेरच्या राज्याचा खरा कर तोवर ठरलेलाच नसतो. क्रेडिटच्या शेड्यूलमध्ये डब्ल्यू-२ वर कापलेली रक्कम लिहायची नाही. गुणोत्तराने निघालेला प्रत्यक्ष कर लिहायचा. न्यू जर्सीचं क्रेडिट दोन्हीकडे कर लागलेल्या उत्पन्नापुरतंच मिळतं. वरच्या उदाहरणात ते दीड लाखाच्या पगारावर मिळेल, ५० हजारांच्या शेअर नफ्यावर नाही. त्या नफ्यावर न्यू जर्सीचा पूर्ण कर लागणं बरोबर आहे.

काही जोड्यांमध्ये गाडी उलटी चालते. कॅलिफोर्नियात राहून अॅरिझोना, ओरेगन किंवा व्हर्जिनियातलं घर विकलं तर क्रेडिट कॅलिफोर्निया देत नाही. ते त्या दुसऱ्या राज्याच्या नॉन-रेसिडेंट रिटर्नवर मागायचं असतं. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीमधला परस्पर करार फक्त पगारापुरता आहे. न्यू जर्सीतलं घर विकलं की पेनसिल्व्हेनियावाल्यालाही न्यू जर्सीचं रिटर्न भरावंच लागतं.

वर्षाच्या मध्ये राज्य बदललं असेल तर १०९९-बी ची यादी तारखेने लावा आणि स्थलांतराच्या तारखेला कापा. विक्री केल्याची तारीख धरायची, पैसे जमा झाल्याची नाही. मागच्या वर्षांचा तोटा पुढे ओढलेला असेल तर न्यूयॉर्कच्या रकान्यात त्यातला फक्त न्यूयॉर्कमधून आलेला तोटा घेता येतो. शेअरमधला जुना तोटा न्यूयॉर्कमधल्या घराच्या नफ्यातून न्यूयॉर्कच्या रकान्यात वजा होत नाही, फेडरलमध्ये झाला तरी.

चूक आधीच भरून झाली असेल तर

न्यूयॉर्कसाठी आयटी-२०३-एक्स, कॅलिफोर्नियासाठी शेड्यूल एक्स जोडून ५४०एनआर. परताव्यासाठी न्यूयॉर्कमध्ये साधारणपणे भरल्यापासून तीन वर्षं मिळतात, कॅलिफोर्नियात चार. सुधारित रिटर्नसोबत शेड्यूल डी, ८९४९ आणि त्या वर्षी तुम्ही कुठे राहत होता त्याचा पुरावा जोडा: भाडेकरार किंवा घराचा टॅक्स, वीजबिल, ड्रायव्हिंग लायसन्सची तारीख. कॅलिफोर्निया सोडलेल्यांकडे हे हमखास मागितलं जातं. न्यूयॉर्कचा कर कमी झाला की न्यू जर्सीतलं क्रेडिटही बदलू शकतं, तेव्हा दोन्ही राज्यांचे आकडे पुन्हा मांडा आणि गरज असल्यास दोन्ही सुधारित रिटर्न एकाच वेळी पाठवा. न्यूयॉर्कचा परतावा आल्यावर सावकाश न्यू जर्सीचं बघू म्हणून थांबलात, तर मधल्या महिन्यांचं व्याज न्यू जर्सी लावते.